गाभण मेंढ्यांचा खुराक इथूनच नेते, ५ पैकी ४ स्टार

तीन वर्षं या दुकानातून माल नेतेय, रिव्ह्यू आज लिहू उद्या लिहू करत राहून गेलं. परवा आमच्या शेवटच्या मेंढीला पण जुळी झाली, दोन्ही उभी राहून पितायत, आई पण गव्हाणीत तोंड घालून खातेय, म्हणून आता नीट बसून लिहिते. लांब होणार आहे, पण ज्यांच्या दारात गाभण मेंढ्या शेळ्या आहेत त्यांनी पूर्ण वाचा, नुसतं "माल चांगला, शेठ चांगले" एवढं लिहून कुणाला काय उपयोग.

आमचं गाव तळा गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला. कोकणात मेंढ्या कोण पाळतं असं सगळेच विचारतात, आणि विचारतात ते बरोबर आहे. इथे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, खुरं कुजतात, जंत पडतात, लोकर आठवडा आठवडा सुकत नाही. आमच्याकडे मेंढरं म्हणजे भात झोडून झालं की घाटावरून धनगर उतरतात, मोकळ्या शेतात मेंढरांचा वाडा बसवतात, लेंड्यांचं खत शेताला मिळतं, त्यांना धान्य नाहीतर पैसे मिळतात, आणि पावसाच्या आधी ते परत वर जातात. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या शेतात एकच कुटुंब येतं. त्यांची एक लंगडी मेंढी आम्ही ठेवून घेतली, तिथून हे सुरू झालं. आता ९ मेंढ्या आणि ११ शेळ्या आहेत, जमिनीपासून तीन फूट वर फळ्यांचा माचा केलाय, पावसाळाभर सगळ्या त्यावरच.

नऊतल्या चार मेंढ्या नारी सुवर्णा आहेत, म्हणजे फलटणच्या निंबकर संस्थेने तयार केलेल्या. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची लहान चणीची मेंढी असते, तिला दोन दोन तीन तीन कोकरं होतात, तो जुळ्यांचा गुण त्यांनी आपल्या दख्खनी मेंढीत आणला. आमच्या साध्या दख्खनीला बहुतेक एकच कोकरू होतं, आणि एकाच्या हिशोबाने आम्ही सगळ्यांना खायला घालत होतो. तिथेच चूक झाली.

चार वर्षांपूर्वी त्यातली पहिली मेंढी व्यायला पंधरा दिवस असताना गेली. तेव्हा भातकापणी चालू होती. मेंढा जूनच्या मध्यावर लागतो, १५० दिवस धरले की व्यायची वेळ येते नोव्हेंबरच्या मध्याला, म्हणजे शेवटचे दीड महिने अख्खा ऑक्टोबर, आणि ऑक्टोबरात आमच्याकडे घरातलं प्रत्येक माणूस शेतात असतं. कापणी, भारे बांधणं, झोडणी, वर कधी पण पाऊस येईल ही धाकधूक. मेंढ्यांपुढे सकाळी पेंढा टाकायचा आणि निघायचं. ती मेंढी एक दिवस कळपापासून बाजूला उभी राहिली, दुसऱ्या दिवशी भिंतीला डोकं लावून होती, दात खात होती, डोळ्यांपुढे हात नेला तरी पापणी हलत नव्हती. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली. मी गूळपाणी पाजलं. डॉक्टर येईपर्यंत ती बसली ती उठली नाही, पोटात दोन कोकरं होती. तिच्या तोंडाला एक गोडसर वास येत होता तो मला अजून आठवतो.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते इथे लिहिते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ती जगली असती. पोटातल्या कोकराची वाढ बहुतेक सगळी शेवटच्या दीड महिन्यात होते, जन्माच्या वजनाचा साधारण ७० टक्के भाग तेव्हा भरतो. म्हणजे मेंढीची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच दोन कोकरांनी पोटातली जागा अडवलेली असते, तिच्या पोटात चारा मावत नाही. तिच्यापुढे भाताचा पेंढा टाकला तर पोट भरल्यासारखं दिसतं, पण पेंढ्यात प्रोटीन ३-४ टक्के, ताकद काहीच नाही. मग ती स्वतःच्या अंगावरची चरबी मोडायला लागते, एकदम जास्त मोडली की यकृताला ती झेपत नाही, रक्तात कीटोन (चरबी मोडताना तयार होणारे आम्लासारखे पदार्थ) वाढतात, साखर उतरते आणि मेंदूला साखर कमी पडली की आंधळेपण, डोकं टेकवणं, पडून राहणं. गूळपाणी पण फार कामाचं नाही, पोटात गेलेली बरीचशी साखर तिथले जंतूच खाऊन टाकतात, म्हणून डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात आणि तोंडाने प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे अंगात जाऊन साखर होते ते पातळ औषध. ते पण लवकर कळलं तर. बसलेली मेंढी सहसा उठत नाही.

आमच्या बाजूला उलट समजूत आहे. गाभण मेंढीला शेवटी शेवटी जास्त घातलं की पोटातलं मोठं होतं आणि अडतं, म्हणून हात आखडता घ्यायचा. एकाच कोकराची मेंढी असेल आणि तिला वाटेल तेवढं घातलं तर असं होऊ शकतं, समजूत अगदीच खोटी नाही. पण जुळ्याच्या मेंढीला त्याच नियमाने ठेवलं तर तुम्ही तिला उपाशी मारताय.

तर आता दुकान.

पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं शेठ, मेंढ्यांना चांगली पेंड द्या, गाभण आहेत. दुसऱ्या दुकानात असं म्हटलं की समोर दिसेल ती बॅग उचलून देतात. इथे शेठनी बॅग दाखवलीच नाही, विचारलं, "ताई, फळल्या कधी? व्यायला किती दिवस आहेत? जुळी धरतात का? आता काय घालता?" मला तारीख नीट सांगता आली नाही. ते म्हणाले मेंढा सोडला तो दिवस आणि काढला तो दिवस तरी सांगा. तेवढ्यावरून त्यांनी मागच्या कॅलेंडरवर बोट मोजत दिवस काढले आणि म्हणाले अजून तीन आठवडे पेंड नेऊ नका, आत्ता नुसता पाला घाला, पैसे वाचवा, दसऱ्याच्या सुमाराला या. दारात आलेल्या गिऱ्हाईकाला आज माल घेऊ नका असं सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला. दुसऱ्या दिवसापासून मी वहीत फळलेल्या तारखा लिहायला लागले.

यांच्याकडे तयार गोळी पेंड पण आहे, पण मी मागे लावलेल्या भरड्याच्या मशीनवर मिक्स करून घेते, डोळ्यांसमोर होतं सगळं. माझं १०० किलोचं मिक्स असं असतं: मका भरडा ४५ किलो, शेंगदाणा पेंड २०, गव्हाचा भुसा २०, तूरचुनी (तूरडाळ भरडताना उरलेला चुरा) १२, मिनरल २, मीठ १. प्रोटीन साधारण १६-१७ टक्के बसतं. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं मक्याच्या जागी घरचा भाताचा कोंडा घाला, गिरणीतून फुकट येतो. शेठ म्हणाले थोडा चालेल, पण कोंड्याचं तेल लवकर खवट होतं, दोन आठवड्यांत वास मारेल आणि मेंढ्या तोंड लावणार नाहीत, आणि गाभण मेंढीने दोन दिवस तोंड लावलं नाही तर काय होतं ते तुम्ही बघितलंय. खोबऱ्याची पेंड पण मिळते इथे, तिच्यात शेंगदाण्याच्या पेंडीच्या साधारण निम्मंच प्रोटीन असतं, शेळ्यांना आवडते, म्हणून शेळ्यांच्या मिक्समध्ये थोडी घेते.

घालायचं कसं ते पण त्यांनीच सांगितलं, आणि मापासाठी एक प्लास्टिकचा डबा त्यांनी काट्यावर माझ्यासमोर भरून त्यावर मार्करने रेघ मारून दिली, २०० ग्रॅमची. व्यायच्या दीड महिना आधी १०० ग्रॅमने सुरू करायचं, दर तीन चार दिवसांनी ५० वाढवायचं. आमच्या मेंढ्या तीस पस्तीस किलोच्या, एकाच्या मेंढीला २५० ते ३०० पर्यंत नेऊन थांबायचं, जुळ्याच्या मेंढीला ४०० ते ४५०, आणि हे दोन वेळात विभागून, एका वेळेला नाही. एकदम घातलं तर पोटात आंबतं, मेंढी फुगते, हगवण लागते, त्यात पण जातात. आमच्या वाडीत लग्नातला उरलेला भात एका काकांनी शेळ्यांना घातला होता पातेलंभर, सकाळी तीन शेळ्या आडव्या. शिळा भात, पेज, पोळ्या हे प्रेमाने घालतात लोक, गाभण जनावराला तर जास्तच, कृपा करून घालू नका.

जुळी आहेत ते कसं कळणार? आम्ही दोन महिन्यांच्या सुमाराला सोनोग्राफी करून घेतो, डॉक्टर मशीन घेऊन येतात तेव्हा आजूबाजूच्यांच्या शेळ्या पण त्यातच उरकतात. ते नाही जमलं तर हात. आमच्या शेतात वाडा बसवतात त्या धनगर मावशींनी मला शिकवलं, डोळ्याने बघू नको, लोकर फसवते. कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, हाताची बोटं दाबून बघायचं. मणक्याची टोकं टोचली तर मेंढी खाली गेलीय, अजिबात लागलीच नाहीत तर जास्त चढलीय, गोल लागली की बरोबर. मावशींना वाचता येत नाही पण त्यांचा हात चुकत नाही. डॉक्टर त्यालाच ५ पैकी मार्क देतात, व्यायच्या वेळेला ३ च्या आसपास हवेत. दर रविवारी मी सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवते आणि जी खाली गेली तिला बाजूला बांधून वेगळं घालते, कारण एकत्र गव्हाणीत दांडगी मेंढी सगळ्यांचं खाते आणि गरीब जुळ्याची मेंढी मागे उभी राहते. गव्हाणीवर सगळ्यांना एका वेळेला तोंड घालता आलं पाहिजे, हे पेंडीइतकंच महत्त्वाचं आहे.

मिनरलची गोष्ट वेगळी सांगते, यासाठी तर मी या दुकानाला जन्मभर मानेन. मी गाईंची मिनरलची पुडी उचलली होती, शेळ्यांना तीच घालते, म्हटलं मेंढ्यांना पण तीच चालेल. शेठनी हातातून काढून घेतली. म्हणाले यात तांबं आहे, गाईला शेळीला लागतं, मेंढीला सोसत नाही, तिच्या यकृतात साठत जातं आणि महिनोन् महिने काही दिसत नाही, मग एक दिवस कसला तरी ताण आला, व्यायली, पाऊस लागला, की एकदम रक्तात सुटतं, लघवी लाल काळी, डोळे पिवळे आणि दोन दिवसांत खेळ संपतो. मेंढ्यांची वेगळी मिनरल त्यांच्याकडे तेव्हा नव्हती, ती मागवून आठ दिवसांनी दिली, तोपर्यंत नुसतं मीठ घाला म्हणाले. ती गाईंची पुडी विकून त्यांना पैसे मिळालेच असते, मला काही कळलं नसतं. तेव्हापासून माझी मेंढ्यांची आणि शेळ्यांची मिक्स वेगळी, पोत्यांच्या तोंडाला वेगळ्या रंगाची सुतळी.

आता एक स्टार का कापला.

मागच्या वर्षी पितृपक्षात तयार गोळीची एक बॅग नेली होती, मशीन बंद होतं म्हणून. घरी उघडली तर कुबट वास, तळाला गोळे झालेले, हिरवट पांढरी बुरशी. परत घेऊन आले, मिनिडोर रिक्षाचं येण्याजाण्याचं भाडं माझं. शेठ नव्हते, गल्ल्यावर त्यांचा मुलगा होता. तो म्हणाला वहिनी वरचं वरचं घ्या, बाकीचं उन्हात टाका, शेळ्यांना काय होत नाही. मी सांगितलं दादा, होतं. वाळवून बुरशी दिसेनाशी होते, तिचं विष तसंच राहतं, गाभण जनावर त्याने खायचं सोडतं, यकृत जातं, गाभ टाकतं. तो ऐकेना, वर म्हणाला बॅग सीलबंद होती तर आमची काय चूक. अर्धा तास उभी होते मी तिथे. दुसऱ्या दिवशी शेठनी फोन करून बॅग बदलून दिली, पण माझा एक दिवस गेला आणि माझ्यासारखी भांडली नसती ती बाई तीच पेंड घालून मोकळी झाली असती. शेठ नसतात तेव्हा पण मला तोच माल आणि तेच उत्तर मिळायला पाहिजे. आमच्या दमट हवेत जून ते ऑक्टोबर पोती थेट लादीवर आणि भिंतीला टेकून ठेवायचीच नाहीत, खाली फळ्या पाहिजेत, यांच्या मागच्या गोदामात तेव्हा नव्हत्या. आता घातल्यात, मी या वेळेला आत जाऊन बघून आले. तरी पावसाळ्यात घेणार असाल तर पोत्यात कोपरापर्यंत हात घाला, मूठभर तळाचं वर काढा आणि वास घ्या, लाजू नका. एका वेळेला दोन आठवड्यांचंच न्या.

तो मुलगा गाभण मेंढ्या म्हटलं की कॅल्शियमची मोठी बाटली पुढे करतो, प्रत्येकाला. मला विचाराल तर ज्यांच्याकडे पाला आहे त्यांनी आधी पाला घाला. मका, कोंडा, भुसा यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी, ती भर झाडपाल्यातून निघते. आम्ही बांधावर गिरिपुष्प आणि शेवरी लावलीय, फणसाचा पाला तर आमच्याकडे बारमाही, मेंढ्या शेळ्या त्यावर तुटून पडतात. गिरिपुष्पाच्या पाल्याला वास असतो, पहिल्यांदा तोंड फिरवतात, कापून अर्धा दिवस सुकवून घाला मग खातात. सुबाभूळ चांगली पण नुसती तीच घालू नका, लोकर गळते, आमची गळली होती. बाटली डॉक्टर सांगतील तेव्हा, जनावर लटपटायला लागलं तर.

आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष होऊन जनावर पटकन मरतं त्या रोगाची) लस व्यायच्या तीन चार आठवडे आधी टोचून घेतली की चिकातून कोकराला ती ताकद मिळते, ही आठवण पण मला याच दुकानात झाली, कॅलेंडरशेजारी हाताने लिहिलेला कागद लावलाय. लस दुकानातून घेऊ नका, सरकारी दवाखान्यात थंड पेटीतली मिळते.

या वर्षीचं सांगते. ९ पैकी ८ गाभण होत्या, त्यात ३ जुळ्या. कापणीच्या दिवसांत खुराकाचं काम मी मोठ्या मुलीकडे दिलं, सकाळी शाळेआधी एक डबा, संध्याकाळी एक डबा, ती वहीत टिक करते. सासूबाई सुरुवातीला म्हणत होत्या एवढं घालू नका, अडेल. आता त्याच संध्याकाळी मला विचारतात डबा घातला का. जुळ्यातली कोकरं २ किलोच्या वर भरली सगळी, एक २.४ ची आहे. कासा व्यायच्या आधीच भरल्या होत्या, पहिल्या तासात चीक मिळाला प्रत्येकाला, एकाला पण बाटली लागली नाही. आधीच्या वर्षांत जुळ्यातलं एक हमखास माझ्या चुलीपाशी पेटीत असायचं.

व्यायल्यावर लगेच खुराक वाढवू नका, दोन तीन दिवस हलकं, कोमट पाणी, पाला, मग हळूहळू वर न्या. हे पण शेठचंच.

दर इथे इतरांपेक्षा किलोमागे दोन तीन रुपये जास्त आहेत, भरड्याचे वेगळे घेतात. मला ते जड होत नाहीत. उधारी गाभण काळात देतात, कोकरं विकल्यावर फेडायची, पण वहीत लिहून सही घेतात, ते बरं आहे. दुपारी दीड ते चार बंद. सोमवारी मशीन बंद असतं, लांबून येणाऱ्यांनी फोन करून या. मंगळवारी आणि शनिवारी टेम्पो तळ्याच्या बाजूला येतो, दोन पोत्यांच्या वर असेल तर नाक्यापर्यंत फुकट सोडतात.

आणि शेठ, हे वाचत असाल तर मेंढ्यांची मिनरल पुढच्या दसऱ्याआधी भरून ठेवा, या वेळेला पण मला चार दिवस थांबावं लागलं, आणि आता आमच्या वाडीतली अजून दोन घरं मेंढ्या घेतायत.